पूर्व हार्लेममधला शनिवारचा लेखनवर्ग : मुलगी आणि घरातली एक बाई

मुलगी आणि तिच्या घरातली एक बाई जिथे एकत्र बसून लिहितात, त्या न्यूयॉर्कमधल्या वर्गाचं नाव आणि नेमका पत्ता मी देणार नाही. तिथे येणाऱ्या आयांपैकी काहींच्या कागदपत्रांची कामं अजून अडकलेली आहेत. नाव कुठे छापून आलं तर धास्ती वाटते, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मुलींची आणि आयांची नावंही मी बदलली आहेत. तरी लिहायला बसले, कारण पस्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून मला जे नीटसं साधलं नाही, ते इथे एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी होताना मी डोळ्यांनी पाहिलं. अमेरिकेतल्या ज्या शहरांत मेक्सिको, प्वेर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक इकडची वस्ती आहे, तिथल्या मराठी आयांनी असा वर्ग जवळपास आहे का ते जरूर शोधावं. गावाकडच्या शिक्षकांनीही हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

मार्चमध्ये मी मुलीकडे न्यूयॉर्कला आले. ती इथे हॉस्पिटलमध्ये नोकरी करते आणि राहते पूर्व हार्लेममध्ये. इथली माणसं या भागाला 'एल बार्रिओ' म्हणतात, आपण 'आमची आळी' म्हणतो तसं. सहा नंबरच्या मेट्रोने एकशे दहाव्या किंवा एकशे सोळाव्या रस्त्याला उतरायचं. स्पॅनिश बोलणाऱ्यांत आधी इथे प्वेर्तो रिकोची माणसं आली. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मेक्सिकोची आली, त्यांतही प्वेब्ला राज्यातली जास्त. सकाळी एकशे सोळाव्या रस्त्यावर बायका हातगाड्यांवर तामालेस विकत असतात. मक्याचं पीठ, आत सारण, मक्याच्याच सालीत गुंडाळून वाफवलेलं. पहिल्यांदा पुडी सोडली तेव्हा मला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या.

माझी नात ईरा दहा वर्षांची आहे. तिच्या शाळेत अर्धं शिक्षण इंग्रजीत आणि अर्धं स्पॅनिशमध्ये होतं, त्यामुळे तिला दोन्ही भाषा घरच्यासारख्या येतात. तिची मैत्रीण मारिसोल या वर्गाला जायची. ईरालाही जायचं होतं, पण नियम असा की मुलगी एकटी येऊ शकत नाही. सोबत घरातली एक बाई हवी : आई, आजी, मावशी, थोरली बहीण, कुणीही. माझ्या मुलीची शनिवारची ड्यूटी, म्हणून मी गेले. मनात होतं की एका बाजूला बसून राहू, पोरीचं लिहून झालं की घेऊन येऊ. पण दारातच शिकवणाऱ्या बाईंनी ईराच्या हातात एक वही दिली आणि तशीच दुसरी माझ्या हातात. मी परत करायला लागले तर म्हणाल्या, "अबुएला, इथे नुसतं बसायला कुणी येत नाही." अबुएला म्हणजे आजी. त्या दिवसापासून सगळ्या वर्गाची मी अबुएलाच झाले.

वर्ग दहा शनिवारांचा असतो, एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत, सकाळी दहा ते साडेबारा. फी नाही. नऊ ते पंधरा वयाच्या चौदा मुली होत्या आणि तेवढ्याच बायका. शिकवणाऱ्या दोघी. एक शाळेत शिक्षिका आहे, दुसरी कॉलेजात शिकते. दोघी याच आळीत वाढलेल्या. त्यांना सगळे 'माएस्त्रा' म्हणतात, आपण 'बाई' म्हणतो तसं. शिरताना एका टेबलावर कॉफी आणि पान दुल्से नावाचे गोड पाव असतात. ते आणायची आयांची पाळी लावलेली असते. मी माझ्या पाळीला शंकरपाळे नेले, ते पहिल्या पंधरा मिनिटांत संपले.

पहिला अर्धा तास पेन्सिल हातात घ्यायची नाही, फक्त बोलायचं. मग वीस-पंचवीस मिनिटं लिहायचं, मग ज्यांना वाटेल त्यांनी वाचून दाखवायचं. जिला वाचायचं नाही तिला कुणी आग्रह करत नाही. लाल शाई कुठेच नाही. पहिल्या शनिवारी याचा मला त्रास झाला, हे खरंच सांगते. समोर पोरीच्या वहीत ढळढळीत चुका दिसताहेत आणि बाई मान डोलावून पुढे जाताहेत. नंतर कळलं की नववा शनिवार खास त्यासाठीच राखलेला असतो. तेव्हा सगळ्यांचा मजकूर एका पुस्तिकेत छापायला जाणार असतो, म्हणून दोघी-दोघी बसून एकमेकींचं शुद्धलेखन तपासतात, आणि स्वतःचं नाव छापून येणार म्हटल्यावर पोरी शब्दकोश कसा उघडतात ते बघण्यासारखं असतं. ही रीत मोठ्या मुलींना चांगली लागू पडते. नऊ-दहा वर्षांच्यांना मात्र थोडं आधीपासून दाखवायला हवं, हे माझं मत अजून कायम आहे.

पहिल्या शनिवारचा विषय होता 'दिचोस', म्हणजे म्हणी. प्रत्येक बाईने आपल्या आईच्या तोंडची एक म्हण सांगायची आणि मुलीने ती लिहून घ्यायची. एकीने सांगितली ती कोळंबीची : झोपलेल्या कोळंबीला प्रवाह वाहून नेतो. दुसरीने सांगितली, तोंड मिटलेलं असलं की माशा आत जात नाहीत. मारिसोलच्या आईने सांगितली, तू कुणाबरोबर फिरतोस ते सांग, मी तू कोण आहेस ते सांगते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ही तर आमच्याकडे आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ईराने ती स्पॅनिशमध्ये समजावून सांगितली. एक पांढरा बैल आहे, दुसरा वेगळ्या रंगाचा, दोघे एका दावणीला. गावाकडून आलेल्या बायकांना ती लगेच कळली, त्या टेबलावर हात आपटून हसल्या. मुलींना कळेना. एका गोठ्यात बांधलेल्या बैलांना एकमेकांच्या खोडी लागतात हे न्यूयॉर्कला जन्मलेल्या पोरीला कुठून ठाऊक असणार? मग पुढची दहा मिनिटं त्यांच्या आया त्यांना बैल सांगत बसल्या. शिंगं कशी रंगवतात, नांगरताना कुठला बैल कुठल्या बाजूला जुंपतात. पोरी भराभर लिहीत होत्या. माएस्त्रा काही न बोलता भिंतीला टेकून उभी होती, आणि त्या क्षणी मला कळलं की हिला आपलं काम येतं.

आता एलोदियाबद्दल सांगते. ती चाळिशीची असेल. मेक्सिकोतल्या गेरेरो राज्यातल्या डोंगरांतली, कपडे धुण्याच्या दुकानात काम करते. शाळेत कधी गेलेली नाही. तिची भाषा मिश्तेको, तिथल्या मूळ लोकांची. स्पॅनिशही ती मोठेपणी शिकली. मिश्तेको लोक स्वतःला 'ञुउ सावी' म्हणवतात, म्हणजे पावसाची माणसं. त्या भाषेत सूर वरखाली झाला की शब्दाचा अर्थ बदलतो. बाहेरच्याला वाटतं, या सगळ्या 'स्पॅनिश' बायका. तसं नाही. एलोदियाला या शहरात एक सोडून दोन परक्या भाषा ओलांडाव्या लागतात. तिची मुलगी यारेली बारा वर्षांची. तिला मिश्तेको समजते, पण बोलते ती अडखळत.

लिहिता न येणाऱ्या आईसाठी इथली पद्धत साधी आहे. आई सांगते, मुलगी लिहिते. लिहून झालं की मुलीने मोठ्याने वाचायचं आणि आईने ऐकायचं. आईने 'हे मी असं म्हटलं नव्हतं' म्हटलं की खोडायचं आणि परत लिहायचं. आई 'हो' म्हणेपर्यंत मजकूर पुरा होत नाही. तिसऱ्या शनिवारी विषय होता स्वयंपाकघरातली एक वस्तू. एलोदियाने मेताते सांगितलं. तो मका वाटायचा तीन पायांचा दगडी पाटा असतो. चुना घातलेल्या पाण्यात मका शिजवतात, धुतात आणि मग त्यावर वाटतात. माझ्या आईचा पाटा-वरवंटा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. यारेलीने लिहिलं आणि वाचलं : "माझ्या आजीकडे एक दगड होता." एलोदियाने मान हलवली. "दगड नव्हे. दगड नदीत असतो." यारेलीने खोडलं, 'मोठा दगड' लिहिलं. परत मान हलली. मग 'यंत्र' लिहिलं. एलोदिया हसलीसुद्धा नाही. शेवटी ती उठली, टेबलाच्या कडेशी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पुढे ताणले आणि वाटून दाखवायला लागली. खांदे पुढे, कंबर मागे, हातांच्या रेट्याबरोबर श्वास बाहेर. यारेली खुर्चीतून वाकून बघत होती. आपल्या आईला हे करताना तिने पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, कारण इथे त्यांच्या घरी पाटा नाही, दुकानातून पिशवीतलं पीठ येतं. त्या दिवशी यारेलीने पान भरून लिहिलं आणि त्यात 'दगड' हा शब्द एकदाही आला नाही. वस्तूचं मिश्तेको नाव तिने कानाला आलं तसं लिहिलं.

इथे या वर्गाची एक मोठी उणीव आहे. मिश्तेको जाणणारं कुणीही तिथे नाही. त्या शब्दातला सूर कसा दाखवायचा हे दोघी माएस्त्रांना माहीत नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं, पण दहा शनिवारांत त्यावर उपाय काही झाला नाही. एलोदियाची भाषा वर्गात आली ती स्पॅनिशच्या दारातूनच आली. गेरेरो-ओआहाका-प्वेब्लाकडची इतकी माणसं या शहरात असताना एखाद्या शनिवारी तरी जाणकार बाई बोलावता आली असती.

आई सांगते आणि लेक लिहिते हे पाहताना मला राहून राहून बहिणाबाई चौधरी आठवत होत्या. खानदेशातल्या त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करताना ती रचायची आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ते उतरवून घ्यायचे. १९५१ साली ती गेली आणि १९५२ साली तिच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. तेवढी दोन माणसं वही घेऊन बसली नसती तर काय राहिलं असतं?

नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान आलं तेव्हा मी आमच्या गावात रात्रीचा वर्ग चालवत असे. देवळात, भाकऱ्या उरकून बायका यायच्या. आम्हाला वरून सांगितलं होतं, आधी सही शिकवा. अंगठ्याच्या जागी सही आली की रजिस्टरात खूण व्हायची. एक म्हातारी यायची, तिला दोनशेच्या वर ओव्या तोंडपाठ होत्या. लेकीच्या, भावाच्या, पंढरीच्या, दुष्काळाच्या. तिला मी तीन महिने 'कमल नमन कर' गिरवायला लावलं. ती सही शिकली. तिच्या ओव्या मी उतरवून घेतल्या नाहीत. तिची नात माझ्याच शाळेत चौथीत होती, सुंदर अक्षर होतं पोरीचं. त्या दोघींना शेजारी बसवून एक वही देण्याएवढंच काम होतं. एलोदिया आणि यारेलीकडे बघताना ती म्हातारी रोज माझ्याशेजारी येऊन बसायची.

हा वर्ग आईला शिकवत नाही असं मात्र नाही. आठव्या शनिवारी एलोदिया स्वतःचं नाव पाहून न लिहिता लिहू शकत होती. तिला 'मेताते' हा शब्द लिहिता येत होता आणि मुलीच्या मजकुरात तो कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत होतं. पण ते आलं तिच्याच गोष्टीतून. आपण सांगितलेलं कागदावर कसं दिसतं हे बघायची ओढ लागली, म्हणून अक्षर आलं. आम्ही उलटीकडून सुरुवात करत होतो.

मेच्या अखेरीचा एक शनिवार मी विसरणार नाही. मारिसोल आणि तिच्या आईला विचारून लिहिते आहे. विषय होता, 'घरी न नेलेला शब्द'. या मुली घरच्या दुभाष्या असतात. घरमालकाचं पत्र, शाळेची नोटीस, विमा कंपनीचा फोन, सगळं त्यांच्या तोंडून घरात येतं. माझी मुलगी सांगते की हॉस्पिटलांनी दुभाष्या द्यावा असा कायदाच आहे, लहान मुलांना मध्ये घालू नये असंही त्यात आहे. पण एकदा मारिसोलची आई ज्या दवाखान्यात गेली होती तिथे फोनवरचा दुभाष्या लागेना. डॉक्टरांनी अकरा वर्षांच्या मारिसोलला सांगितलं की आईच्या छातीत गाठ आहे, तिचा तुकडा काढून तपासावा लागेल. मारिसोलने आईला सांगितलं, "आणखी एक फोटो काढायचाय म्हणतात." पुढचे तीन आठवडे तिने तो शब्द पोटात ठेवला. तपासणीत काही वाईट निघालं नाही, देवाची कृपा. पण ते तीन आठवडे तिने कसे काढले हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा वहीत लिहिलं. रात्री आईच्या खोलीचं दार किलकिलं करून श्वास ऐकायचा. शाळेच्या कॉम्प्युटरवर तो शब्द शोधायचा आणि बाई आल्या की पान बंद करायचं.

वाचायची वेळ आली तेव्हा मारिसोलने मान हलवली, नाही म्हणाली. माएस्त्रा म्हणाली, ठीक आहे. मग दोन मिनिटांनी तिने वही उचलली, आईचा हात धरला आणि दोघी बाहेर जिन्यावर जाऊन बसल्या. आम्ही आत दुसऱ्यांचं ऐकत राहिलो, पण सगळ्यांचं लक्ष दाराकडे. पंधराएक मिनिटांनी त्या आत आल्या. दोघींचे डोळे सुजलेले. मारिसोलच्या आईने वर्गाला सांगितलं, "मला त्या दिवशीच कळलं होतं. ही काही लपवते तेव्हा हिचे कान लाल होतात. मी बोलले नाही, कारण हिला वाटत होतं की ही मला सांभाळते आहे." मग तिने मुलीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच पानाच्या खाली सहा ओळी लिहिल्या. सावकाश, जीभ दातांत धरून. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. ते पान आता पुस्तिकेत आहे, वर लेकीचं, खाली आईचं. माएस्त्राने पुन्हा पुन्हा विचारून, आठवडाभर विचार करायला लावून मगच ते छापलं. मुलींच्या दुःखाचं प्रदर्शन व्हायला इथे सहज जागा होती. या दोघी माएस्त्रांनी ते होऊ दिलं नाही, आणि यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी वर्ग एकशे दहाव्या रस्त्यावरच्या अग्विलार ग्रंथालयात भरला. हे न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचं शाखा-ग्रंथालय आहे, दर्शनी बाजूला उंच दगडी खांब असलेली जुनी इमारत. ३० एप्रिल हा मेक्सिकोत बालदिन. त्याला जोडून मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस साजरा करावा ही कल्पना पॅट मोरा या लेखिकेने १९९६ साली मांडली. तेव्हापासून अमेरिकेतली पुष्कळ ग्रंथालयं तो पाळतात. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या कुणालाही ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं आणि ऑक्टोबर २०२१ पासून उशिराचा दंड बंद झाला आहे. आमच्या वर्गातल्या तीन आयांना हे ठाऊकच नव्हतं. पुस्तक हरवलं तर केवढे पैसे मागतील या भीतीने त्यांनी मुलींना कार्ड काढू दिलं नव्हतं. त्या दिवशी तिन्ही कार्डं निघाली.

तिथे माएस्त्राने पुरा बेलप्रे यांची गोष्ट सांगितली. या बाई प्वेर्तो रिकोच्या, बहिणीच्या लग्नाला म्हणून न्यूयॉर्कला आल्या आणि इथल्याच झाल्या. १९२१ साली हार्लेममधल्या एकशे पस्तिसाव्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात त्यांना नोकरी मिळाली. या शहराच्या ग्रंथालयातल्या त्या पहिल्या प्वेर्तो रिकन ग्रंथपाल. मुलांच्या कपाटांत त्यांना आपल्याकडची एकही लोककथा सापडेना. तेव्हा आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्या स्वतःच मुलांना स्पॅनिश आणि इंग्रजीत सांगू लागल्या, पुढे बाहुल्या घेऊन. मार्तिना नावाची एक झुरळीण, तिला मागण्या घालायला येणारे प्राणी आणि शेवटी पातेल्यात पडणारा पेरेस उंदीर, ही त्यांच्या आजीची गोष्ट १९३२ साली पुस्तक होऊन निघाली. आज त्यांच्या नावाने मुलांच्या पुस्तकांसाठी मोठा पुरस्कार आहे, तो १९९६ पासून देतात. ईरा माझ्या कानाशी लागून सगळं मराठीत सांगत होती. पेरेस पडला तिथे ती थांबली आणि म्हणाली, "आजी, खिरीत पडला गं." त्या क्षणी मी त्या खोलीतल्या इतर बायकांसारखीच होते. माझ्यापर्यंत जे येत होतं ते एका लहान मुलीच्या तोंडून येत होतं.

आम्ही काय लिहिलं तेही सांगते. विषय होता, 'ज्या जागी तू लहान होतीस'. मी ईराला आमच्या घराची ओसरी सांगितली. वासरू, पावसात भिजलेली घोंगडी, वडील पोथी वाचायचे तो कोनाडा. ती इंग्रजीत लिहीत होती. 'ओसरी'ला काय लिहू म्हणाली. आम्ही दोघींनी तीन-चार शब्द लावून पाहिले, एकही बसेना. माएस्त्राचा नियम असा की जो शब्द दुसऱ्या भाषेत बसत नाही तो आहे तसा ठेवायचा, तिरपा छापायचा नाही, खाली टीप द्यायची नाही, वाचणाऱ्याने थोडे कष्ट घ्यावेत. मग ईराने इंग्रजी वाक्याच्या मधोमध देवनागरीत 'ओसरी' लिहिलं. रविवारच्या मराठी शाळेत हिला मुळाक्षरं काढायला बसवताना घरात रडारड होते. इथे तिने न सांगता 'ओ' काढला आणि मला विचारलं, "मात्रा बरोबर दिलीय ना?"

आता पुस्तिकेबद्दल, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. शेवटच्या शनिवारी चौसष्ट पानांची पुस्तिका हातात आली, मधोमध पिना मारलेली, किंमत पाच डॉलर. मुखपृष्ठावर एका आजीच्या भरतकामाचा फोटो आहे, तो अतिशय देखणा. पण आतली मांडणी मला पटली नाही. आधी सगळे मजकूर इंग्रजीत, मोठ्या टायपात. स्पॅनिश शेवटी, बारीक टायपात, दोन रकान्यांत कोंबलेलं. ज्या आया दहा आठवडे सांगत होत्या त्यांची भाषा पाठीमागे गेली. मारिसोलच्या आईने लिहिलेल्या सहा ओळी शोधायला तिलाच पुस्तिका डोळ्यांजवळ धरावी लागली. इंग्रजी करण्यात घाईही दिसते. 'मेताते' इंग्रजीत पुन्हा 'दगड' झाला आहे. यारेलीने ते पान उघडलं आणि आईकडे पाहिलं. एलोदियाला इंग्रजी वाचता येत नाही, यारेलीने तिला सांगितलं नाही.

मी माएस्त्राला बाजूला घेऊन हे बोलले, ईराला मध्ये न घेता, माझ्या मोडक्या इंग्रजीत. तिने सबबी सांगितल्या नाहीत. छपाईला पैसे देणारी माणसं इंग्रजी वाचतात, त्यांना आधी दिसलं पाहिजे असं ठरलं आणि आपण ते मान्य केलं, असं ती म्हणाली. शंभरच प्रती काढल्या आहेत. शरदात दुसऱ्यांदा छापायच्या आहेत, तेव्हा समोरासमोरच्या पानांवर दोन्ही भाषा एकाच टायपात घ्यायच्या असं दोघींनी ठरवलं आहे, आणि दगड काढायचा आहे.

बारीकसारीक अडचणी आहेतच. तळघराला लिफ्ट नाही, अठरा पायऱ्या उतराव्या लागतात, माझ्यासारख्या गुडघेदुखीवालीने कठड्याच्या बाजूने उतरावं. लहान भावंडांना सांभाळायला एकच स्वयंसेवक असतो, त्यामुळे दोन आया अर्धा वेळ बाळाच्या मागे होत्या. पाऊस असला की उजेड कमी पडतो. वेळ मात्र काटेकोर पाळतात.

मराठी घरांना तिथे जागा आहे का असं मला दोघी-तिघींनी फोनवर विचारलं. वर्ग मुळात लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतल्या, मुलींसाठी आहे आणि तो त्यांचाच राहावा असं मला मनापासून वाटतं. आम्हाला घेतलं ते मारिसोलच्या आईच्या शब्दावर. कुणी ओळखीने बोलावलं तर जा, गेलात तर पाळी घ्या, आणि आपली गोष्ट सांगण्याआधी त्यांची ऐका. आपल्या मंडळांच्या मराठी शाळांत दर महिन्याचा एक रविवार तरी आजी आणि नातवंडं एका वहीवर बसली तर चालण्यासारखं आहे. त्याला पुस्तक लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही.

पुस्तिकेच्या चार प्रती मी घेतल्या. एक माझ्या शेवटच्या शाळेला देणार आहे. दुसरी आवृत्ती निघाली की दोन प्रती कराडला पाठवा म्हणून पत्ता आणि टपालाचे पैसे देऊन ठेवले आहेत. पुढच्या सत्राची नावनोंदणी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे. तोवर मी परत गेलेली असेन. ईराच्या आईने शनिवारची ड्यूटी बदलून घेतली आहे.